बैठी ड्यूटी

“बसते जी जरा,” म्हणत त्या पायाच्या अंगठ्यानं स्टूल पुढे ओढायच्या. म्हणायच्या परवानगी मागितल्यासारखं, आणि खरोखरच परवानगीची वाट पाहायच्या. समोरचा पेशंट गप्प राहिला तर तेवढ्याच आवाजात पुन्हा एकदा म्हणायच्या. मराठी माणूस असला तर मराठीत, नाहीतर “बैठती हूँ जी ज़रा.” त्यानं मान हलवली, किंवा नुसते पाय आत ओढून घेतले, की मग बसायच्या. एकदा बसल्या की पुढची सिस्टर येईपर्यंत तिथून हलत नसत.

तुम्हीही अशी एखादी सिस्टर पाहिली असेल. कुणा नातेवाइकाला बघायला गेला असाल, बाकीच्या नर्सेस धावपळ करताहेत आणि एक जण पलंगाशी मांडीवर हात ठेवून बसलेली, हे पाहून तुमच्या मनात आलं असेल की हिचं बरं चाललंय. माझ्या आलं होतं. पुढचं मला शांतपणे सांगता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या गेल्या त्याला वर्ष होत आलं आणि राग अजून उतरलेला नाही. त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

मी जबलपूरच्या एका रुग्णालयात आस्थापना शाखेत बाबू आहे. कोणत्या रुग्णालयात ते विचारू नका, मला अजून काही वर्षं नोकरी करायची आहे. आजोबा रेल्वेत लागले म्हणून आम्ही इथले झालो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि ऑफिसात आणखी तिसरीच एक भाषा, जिच्यात फाइलला ‘नस्ती’ म्हणतात आणि कागद बांधून कायमचा ठेवून दिला की ‘नस्तीबद्ध’ झाला असं म्हणतात. हजेरी, रजा, ड्यूटीचे तक्ते सगळे माझ्या टेबलावरून जातात. त्या मानसिक वॉर्डात होत्या. त्यांचे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात, मूळ गाव भंडाऱ्याकडचं, त्यामुळे बोलणं तिकडच्या वळणाचं. वॉर्डात त्यांना सगळे ‘बड़ी दीदी’ म्हणत. मी सिस्टर म्हणत असे आणि त्या मला भैया म्हणत.

पहिली ओळख रजेच्या रजिस्टरवरून झाली. सही हवी होती म्हणून मी वॉर्डात गेलो, तर त्या एका म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाशी बसलेल्या. मी दारातून हाक मारली. त्यांनी मान न वळवता एक बोट वर केलं. मी थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. म्हातारा छताकडे पाहतोय, या म्हाताऱ्याकडे पाहताहेत, आणि मी रजिस्टर काखेत घेऊन दोघांकडे. शेवटी दुसरी सिस्टर आली, तेव्हा त्या गुडघ्यावर हात दाबत उठल्या.

“बोला भैया, काय काम होतं?”

“काम सहीचं होतं,” मी जरा तोऱ्यातच म्हणालो. “तुम्ही तर बसूनच होत्या सिस्टर.”

“हो न. बसूनच होती,” त्या म्हणाल्या. राग आलेला दिसला नाही. “तुम्ही बसून पाहा बरं. पंधरा मिनिटं. ती आहे तिकडे, काही होत नाही.”

मी हसत बसलो. दुसरी सिस्टर पलंगाच्या त्या बाजूला उभी राहिली. अटी त्यांनी हळू आवाजात सांगितल्या: फोन काढायचा नाही, घड्याळ पाहायचं नाही, पाय हलवायचा नाही, त्याच्या हातांवरची नजर काढायची नाही, तो बोलला तरच बोलायचं. पाच मिनिटांत माझ्या पाठीला रग लागली. म्हाताऱ्यानं एकदा चादरीची कड हातात धरली आणि मी स्टुलावरून अर्धा उठलो. त्यानं नाक पुसलं फक्त. पंधरा मिनिटं संपली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

ही ‘बैठी ड्यूटी’. ज्या पेशंटनं स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं अशी डॉक्टरांना धास्ती असते, त्याच्या पलंगाशी, हात लांब केला की पोहोचेल इतक्या अंतरावर, एका नर्सनं बसून राहायचं. वॉर्डात हे नाव फार जुनं. नव्या पोरी या ड्यूटीला रडायच्या आणि इंजेक्शनं, ड्रेसिंग, काहीही द्या पण हे नको म्हणायच्या. सिस्टर ती मागून घ्यायच्या.

त्यांच्या स्टुलाच्या चारी पायांना रबराच्या टोप्या होत्या. मोडलेल्या कुबड्यांच्या टोकांच्या टोप्या काढून त्यांनी स्वतः बसवलेल्या. स्टूल ओढताना फरशीवर जो कर्र आवाज होतो, त्यानं नुकता डोळा लागलेला पेशंट दचकतो, म्हणून. कुणी ते स्टूल उचलून दुसरीकडे नेलं तर मात्र त्यांचा आवाज चढायचा. एरवी वीस वर्षांत मी तो चढलेला ऐकला नाही.

आता या बाईच्या शरीराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरूनच झाला. शाळेत त्या खो-खो खेळायच्या, विभागापर्यंत गेलेल्या. एकदा मी म्हटलं, सिस्टर, खोटं वाटतं हो. तर माझ्या टेबलासमोर जमिनीवर खडूनं रेघ मारायला निघाल्या. “आठ जणी बसलेल्या राहतात अन् एक पळते. बघणाऱ्याला वाटते पळणारीच खेळून राहिली. बसलेल्या पोरीचं ध्यान हललं न, की गेला डाव.” सांगताना त्या खुर्चीतच टाचा उचलून बसल्या होत्या, खो मिळाल्यासारख्या.

ती पळणारी पोरगी पन्नाशी उलटेपर्यंत जाड झाली होती. साखर, रक्तदाब, दोन्ही गुडघे. सकाळी उठून स्वयंपाक, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं, ऑटो, मग सहा-सात तास स्टूल, पुन्हा ऑटो, पुन्हा सासू. आमच्याच रुग्णालयातला डॉक्टर त्यांना दर तपासणीला ओरडायचा की चाला, चालत का नाही. चालायला त्यांना आवडायचं, हो. सुटीच्या दिवशी छावणीतल्या सदरच्या बाजारात ऑटो मुद्दाम अलीकडे सोडून त्या चालत जायच्या आणि सोमवारी येऊन मला सांगायच्या, जणू तीर्थाला जाऊन आल्या.

आणि त्यांनी मागितलं नाही असं कुणी म्हणू नये. तीन अर्ज आहेत. तिन्हींवर आवक शिक्का माझ्या हातचा. सरळ साध्या हिंदीत लिहिलेले: बैठी ड्यूटीवरच्या नर्सला मधे अर्धा तास बदली नर्स मिळावी, म्हणजे तिला अंगणात फिरून येता येईल, पाय सुजतात, आणि थकलेल्या नजरेनं पेशंटवर लक्ष राहत नाही. पहिल्यावर वरून शेरा आला, ‘स्टाफ की कमी है.’ दुसऱ्यावर नुसतं ‘देखा.’ तिसऱ्यावर ‘नस्तीबद्ध करें.’ मी केला. माझ्या कपाटात खालच्या खणात तिन्ही एका दोऱ्यात बांधून ठेवले आणि विसरलो.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे लिहिताना मला कष्ट पडताहेत पण लिहितो. स्वतः पहाटे धावायचे, तूप-साखर खायचे नाहीत, सगळ्यांशी हसून बोलायचे. त्यांना वाटलं, दुसऱ्यांना बरं करणाऱ्यांनी आधी स्वतः तंदुरुस्त असावं. म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधला. दिवसाला इतकी पावलं व्हायलाच हवीत. तासभर बसून राहिलं की पट्टा थरथरायचा आणि त्यावर अक्षरं यायची, ‘उठिए, चलिए.’ महिन्याअखेर सगळ्या रुग्णालयाची यादी फलकावर, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

पट्ट्यांच्या आधी साहेबांनी एक तक्ता भरायला दिला होता. प्रत्येक ड्यूटीपुढे कामाचं स्वरूप लिहायचं: चलित, खड़ा किंवा बैठा. तीन घरं, एका घरात खूण. शेवटी एक घर टिप्पणीसाठी. मानसिक वॉर्डाच्या ओळीत ‘बैठी ड्यूटी’ आलं आणि मी ‘बैठा’च्या घरात खूण केली. शब्दाला शब्द जुळला. त्याच घरात माझ्या नावापुढेही खूण होती, कारण मी दिवसभर गादीच्या खुर्चीत बसतो. टिप्पणीचं घर मी रिकामं सोडलं. मित्रासोबत सदरला जेवायला जायचं होतं, उशीर होत होता. एवढंच कारण. याहून मोठं काही कारण असतं तर मला आज बरं वाटलं असतं.

पट्ट्यांनी सुरुवातीला करमणूक भरपूर झाली. मानसिक वॉर्डात एक जुना पेशंट होता, कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर, सगळे त्याला उस्ताद म्हणत. तो उठल्यापासून झोपेपर्यंत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. कुणी थांबवलं तर म्हणायचा, “रुक गया तो मशीन बंद पड़ जाएगी.” तिथल्या चार नर्सेसनी आपले पट्टे त्याच्या बाहीखाली बांधून टाकले. पहिल्या महिन्यात त्या चौघी अख्ख्या रुग्णालयात पहिल्या चार आल्या. साहेबांनी त्यांना पाण्याच्या बाटल्या बक्षीस दिल्या आणि भाषणात सांगितलं की या भगिनींपासून प्रेरणा घ्या. उस्तादही टाळ्या वाजवत होता. मी पोट धरून हसलो, आणि त्या चौघींवर माझा काही राग नाही. त्यांच्या पायांतही काही त्राण उरलेलं नसायचं.

सिस्टरांना मी म्हटलं, तुमचाही द्या न बांधून.

“उस्तादच्या पायांवर मी काहून नाव कमवू?” त्या म्हणाल्या. “माझे जेवढे होतील तेवढे होतील.”

फार झाले नाहीत. यादीत त्या शेवटच्या आल्या. फलकासमोर लोक उभे राहून नाव वाचायचे आणि हसायचे. कुणीतरी पेन्सिलीनं नावापुढे खुर्चीचं चित्र काढलं होतं.

त्याच महिन्यात नऊ नंबरच्या पलंगावर एक मुलगी आली. गोहलपुरात सलवार-सूट शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसायची, बावीस-तेवीसची असेल. घरी काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. आली तेव्हा बोलत नव्हती, खात नव्हती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बैठी ड्यूटी, अखंड. सिस्टर तिच्याशी बसल्या. अकरा दिवस “बैठती हूँ जी ज़रा” आणि अकरा दिवस उत्तर नाही. नुसते पाय आत ओढून घ्यायची, तेवढ्यावर त्या बसायच्या.

बाराव्या दिवशी मी तक्त्यावर सही घ्यायला गेलो होतो, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. सिस्टरांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. मुलीची नजर आवाजाकडे गेली, मनगटावरून वर सरकली आणि दंडाशी थांबली. ती म्हणाली, “आपकी बाँह की सिलाई उधड़ गई है.”

सिस्टरांनी दंडाकडे पाहिलं. पांढऱ्या कुर्त्याची बाही काखेजवळ बोटभर उसवली होती. “हाँ जी,” त्या म्हणाल्या. “तुम सी दोगी?”

“सुई दो.”

“सुई यहाँ नहीं दे सकती. अच्छी होकर घर जाओ, फिर तुम ही सीना. मैं और किसी से नहीं सिलवाऊँगी.”

जेवण आलं तेव्हा मुलीनं अर्धी पोळी खाल्ली. पुढच्या पाळीची नर्स आल्यावर सिस्टर बाहेर आल्या आणि माझ्या हातातला तक्ता घेऊन सही करता करता रडल्या. अक्षर बिघडलं. त्या दिवसापासून त्या रोज तोच कुर्ता धुऊन घालून यायच्या, बाही तशीच.

यानंतर चारच दिवसांनी साहेबांनी त्यांना बोलावलं. फाइल घेऊन मी टेबलाशेजारी उभा होतो. इथून पुढचं नीट ऐका, कारण हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

“सिस्टर, पूरे अस्पताल में सबसे कम कदम आपके हैं,” साहेब म्हणाले.

“जी सर.”

“दिन भर करती क्या हैं आप?”

“बैठती हूँ सर. बैठी ड्यूटी है.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावून. “बैठना भी कोई ड्यूटी होती है?”

मी हसलो. दात दाखवून हसलो, साहेब गंमत करतात तेव्हा हसायचं असतं तसा. सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाल्या, “आधे घंटे की बदली मिल जाए तो मैं रोज़ चलूँगी सर. तीन अर्ज़ियाँ दी हैं. भैया के पास हैं.”

“अर्ज़ी छोड़िए. चलने के लिए इच्छा चाहिए, अर्ज़ी नहीं.”

अर्ज माझ्या कपाटात होते. त्या खोलीपासून माझं कपाट वीस पावलांवर आहे, मी नंतर मोजली. आणून टेबलावर ठेवले असते, ‘बैठी’ हा शब्द समजावून सांगितला असता, तर माणूस ऐकणारा होता. मी म्हटलं, “जी सर.”

आठवड्यात आदेश निघाला. बैठी ड्यूटी बंद. तिच्याऐवजी दर तासाला फेरी, आणि फेरी झाली की तक्त्यावर खूण. म्हणजे पेशंटवर लक्ष राहील आणि नर्सेसची पावलंही होतील. वॉर्डातली स्टुलं भांडारात जमा. डॉक्टरांनी एकदा तोंडी विरोध केला, मेट्रननी लेखी केला. मेट्रनचा कागद माझ्याकडे आला आणि त्यावर काय शेरा पडला ते तुम्हाला आता सांगायला नको.

सिस्टर फेऱ्या मारायच्या आणि दोन फेऱ्यांच्या मधे नऊ नंबरशी जमिनीवर बसायच्या. त्या गुडघ्यांनी. उठताना उठवेना तेव्हा त्या मुलीनं पलंगावरून हात पुढे केला आणि त्यांना ओढून उभं केलं, असं उस्तादनं सगळ्यांना सांगितलं. साहेबांच्या पाहणीत त्या जमिनीवर सापडल्या. ज्ञापन, म्हणजे मेमो, निघालं, ‘ड्यूटी के समय फर्श पर बैठी पाई गईं.’ टाइप मी केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना तोंडी आदेशानं बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शनच्या खोलीत हलवलं. तिथे पावलं होतात.

जाताना त्या मला म्हणाल्या, “भैया, नऊ नंबरवाली आता बोलून राहिली. हीच वेळ खराब राहते. अंगात जोर येते अन् मन तसंच राहते. कोणाला तरी बसवा न तिच्याजवळ.”

मी म्हटलं, बघतो.

चौथ्या दिवशी दुपारी फेरीची सिस्टर नऊ नंबरवरून पुढे गेली. मुलगी पलंगावर होती, तक्त्यावर खूण झाली, ती खूण आजही आहे. मग मुलगी न्हाणीघरात गेली. व्हरांड्यात उस्ताद चालत होता. न्हाणीघराच्या दारासमोर तो थांबला. कित्येक वर्षांत कुणी त्याला थांबलेला पाहिला नव्हता, म्हणून आधी लोकांचं लक्ष त्याच्याकडे गेलं, आणि मग त्याच्या ओरडण्याकडे. दार तोडलं. मुलगी वाचली. दोन दिवसांनी तिचे वडील कागदावर सही करून तिला घरी घेऊन गेले. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, “बाबूजी, हमने सोचा था यहाँ कोई इसके पास बैठेगा.” आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

नोटीस कुणाला गेली माहीत आहे? सिस्टरांना. साहेबांनी त्यांना तोंडी हलवलं होतं, कागदावर त्या अजून मानसिक वॉर्डातच होत्या. कारण दाखवा, असं विचारल्यावर त्यांनी एका ओळीचं उत्तर दिलं: ‘उस दिन मैं बैठी नहीं थी, इसलिए ऐसा हुआ.’

वर ते वाचलं गेलं आणि समासात लाल शाईनं लिहिलं गेलं, ‘दोष स्वीकार.’

लाल शाई पाहिली आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. कपाट उघडलं, तीन अर्ज, मेट्रनचा कागद, माझा तो तक्ता, सगळं घेऊन साहेबांसमोर ठेवलं आणि उभ्यानं सांगितलं की बैठी ड्यूटी म्हणजे काय, ती खूण कुणी केली आणि टिप्पणीचं घर रिकामं का राहिलं. आवाज चढला होता माझा. साहेब बराच वेळ कागद उलटत राहिले. मग म्हणाले, “ये आपने पहले क्यों नहीं बताया?”

प्रश्न बरोबर होता. चिडायची सोयच ठेवली नाही त्या माणसानं.

प्रकरण नस्तीबद्ध झालं. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. बैठी ड्यूटी परत सुरू झाली, पण त्या नावानं नाही. आता तिला ‘सतत निकट निरीक्षण’ म्हणतात, दर तासाला बदली नर्स मिळते, आणि सुटलेली नर्स अंगणात फिरून येते. तीन अर्जांत जे लिहिलं होतं तेच, फक्त खाली सही दुसऱ्याची. उद्घाटनाला फोटोसुद्धा काढले. फोटोत सिस्टर नाहीत, त्या इंजेक्शनच्या खोलीतच राहिल्या. तोंडी हलवलेल्या माणसाला परत पाठवायला मात्र कागद लागतो म्हणाले, आणि तो वर अडकला.

मी त्यांच्याकडे गेलो. त्या वापरलेल्या सुया मोडून टाकत होत्या. बाही अजून उसवलेली. मी म्हटलं, “सिस्टर, तक्त्यातली ती खूण माझी होती.”

“मालूम आहे जी मला. तुम्हीच तर भरता सगळं.”

“चूक झाली.”

“भरलं ते भरलं, घाईत होते हे माणसाच्या हातून,” त्या म्हणाल्या. हातातलं काम संपवलं, हातमोजे काढले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. “पण हसले काहून तुम्ही?”

मी उभा राहिलो. त्या थांबल्या, पेशंटच्या उत्तरासाठी थांबायच्या तशा. बाहेर रांगेतून कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी नवे हातमोजे चढवले.

“बाही तरी शिवून घ्या,” मी जाता जाता काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“जिचं काम आहे ती करेल.”

ती मुलगी पुढे कधी बाही शिवायला आली की नाही, मला माहीत नाही. मी गोहलपुरात दोनदा जाऊन आलो, पत्त्यावर कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, आजोळी गेलेत सगळे, लड़की ठीक है. ते मी सिस्टरांना येऊन सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

दिवाळीनंतर त्या इंजेक्शनच्या खोलीतच पडल्या. डावी बाजू गेली, बोलणं गेलं. आमच्याच रुग्णालयात, मेडिसिन वॉर्डात ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना पलंगाशी उभं करून सांगितलं, साखर, वजन, रक्तदाब, वर्षानुवर्षं शारीरिक हालचाल नाही. मुलांनी वहीत लिहून घेतलं. मला त्या वह्या हिसकावून घ्याव्याशा वाटल्या. का नाही हालचाल, कुणी विचारलं का? पण हे विचारायचा अधिकार मला किती, ते तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भांडारात गेलो. कोपऱ्यात स्टुलांची चळत होती. रबराच्या टोप्यांचं एकच होतं. भांडारवाल्यानं विचारलं, किस काम के लिए? मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘बैठी ड्यूटी हेतु’, आणि सही केली. या वेळी टिप्पणीचं घर रिकामं ठेवलं नाही.

स्टूल घेऊन मेडिसिन वॉर्डात गेलो. त्यांची सून डबा आणायला घरी गेली होती, पलंगाशी कुणी नव्हतं. त्यांचे डोळे उघडे होते. पायाच्या अंगठ्यानं स्टूल पुढे ओढलं, आवाज झाला नाही.

“बसतो जी जरा,” मी म्हणालो.

वाट पाहिली. पुन्हा एकदा म्हणालो. त्यांनी उजवा पाय चादरीखाली थोडा आत ओढून घेतला.

मी बसलो. फोन काढला नाही, हातांवरची नजर हलवली नाही. किती वेळ गेला कळलं नाही, ते माझ्या मनगटावरच्या पट्ट्यालाच कळलं. तो थरथरला आणि त्यावर अक्षरं आली असणार, उठिए, चलिए. त्यांची नजर माझ्या मनगटाकडे वळली.

मी उठलो नाही.